घरचं वायफाय: वेग, भरवसा आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राउटरबद्दलच्या तक्रारी शेवटी दोनच निघतात: "स्लो चालतंय" आणि "मध्येच जातंय". पहिलीची चर्चा फार होते, त्रास मात्र दुसरीचा जास्त असतो. ४० एमबीपीएस अखंड मिळत असतील तर घरातली बहुतेक कामं बिनबोभाट होतात. ४०० मिळतात पण मीटिंग दर थोड्या वेळाने तुटते, अशा घरात रोज चिडचिड. म्हणून खालच्या उत्तरांत भरवशाला झुकतं माप दिलं आहे, आणि नवा राउटर घ्यायचा सल्ला शक्य तितका लांबवला आहे.

दोष राउटरचा की बाहेरच्या लाइनचा, हे कसं ओळखायचं?

बाकी काहीही करण्याआधी हे शोधा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. केबलवर वेग पूर्ण येतोय आणि वायफायवर येत नाही, तर लाइन ठीक आहे, गडबड घरातल्या हवेत आहे. केबलवरही येत नसेल तर वायफायच्या सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही.

"मध्येच जातंय" हा प्रकार असेल तर स्पीड टेस्टचा उपयोग नाही, कारण ती घेता तेव्हा नेट नेमकं चालू असतं. तिथे पिंग कामाला येतं, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. केबल काढून कॉम्प्युटर वायफायवर घ्या आणि त्यावर कमांडच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) सतत पिंग चालू ठेवा, दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, म्हणजे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ला. नेट अडकलं की दोन्हींकडे बघा. राउटरकडूनच उत्तर येत नसेल, किंवा एरवी २-५ मिलिसेकंदात येणारं उत्तर शेकडो मिलिसेकंदांवर गेलं असेल, तर वायफाय दोषी. राउटर तत्परतेने उत्तर देतोय पण बाहेरचा पत्ता गप्प आहे, तर लाइन दोषी. दोन्ही उत्तरं येताहेत आणि तरीही वेबसाइट उघडत नाहीत, तर डीएनएसवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) संशय घ्या. इतकं कळलं की निम्मं काम झालं.

प्लॅन ५०० एमबीपीएसचा आहे, फोनवर २५०-३०० दिसतात. फसवणूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. फोन राउटरला किती वेगाने जोडला गेलाय तो आकडा एक, आणि त्यातून प्रत्यक्ष माहिती किती जाते हा दुसरा. वायफाय ५ या पिढीचा दोन अँटेनांचा साधा फोन ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर जास्तीत जास्त ८६७ एमबीपीएसने जोडला जातो. वायफाय ६ वर तोच आकडा १२०१ होतो. पण वायफायमध्ये पाठवणं आणि घेणं एकाच चॅनलवर आळीपाळीने चालतं, प्रत्येक खेपेला पोच द्यावी लागते, मध्ये थोडं थांबावं लागतं. राउटर समोर असला तरी जोडणीच्या आकड्याच्या साधारण निम्मा ते दोन तृतीयांश वेग हातात पडतो. मध्ये एक भिंत आली की जोडणीचाच आकडा खाली येतो.

२.४ गिगाहर्ट्झवर असाल तर अपेक्षा आणखी कमी ठेवा. तिथे नेहमीच्या २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर वायफाय ४ ची दोन अँटेनांची जोडणी १४४ एमबीपीएसची असते. त्यातून ७०-८० मिळाले तरी ते उत्तम समजायचं.

आणि एक जुनाच घोळ: प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. आठने भागा, मग भांडा.

केबल लावूनसुद्धा वेग ९४-९५ वर अडकतो. त्याच्या वर जातच नाही.

हा आकडा दिसला की निदान जवळजवळ पक्कं. वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट किंवा जोडणी आहे. १०० च्या पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ च बाहेर पडतात. काही स्वस्त ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणाऱ्या) राउटरांना वायफाय हजाराच्या घरातलं आणि पोर्ट मात्र शंभरचे असतात. डब्यावर हे मोठ्या अक्षरात कधीच नसतं.

पोर्ट गिगाबिटचे असूनही तसंच होत असेल तर केबल बदलून बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात. एखादी तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नसली की दोन्ही बाजू मुकाट्याने शंभरवर उतरतात. नेट बंद पडत नाही, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

'एसी १२००', 'एएक्स ३०००' यातले आकडे म्हणजे वेग का?

ती बेरीज असते. एसी १२०० म्हणजे २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ मिळवून गोल केलेला आकडा. एएक्स ३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२, आणि तेही १६० मेगाहर्ट्झचं चॅनल वापरलं तर. वायफाय ७ च्या आधीचा फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे ही बेरीज तुमच्या कुठल्याच उपकरणाला मिळत नाही. डब्यावरच्या या आकड्याऐवजी तीन गोष्टी बघा: पोर्ट गिगाबिटचे आहेत का, ५ गिगाहर्ट्झवर किती स्ट्रीम (एकाच वेळी चालणारे डेटाचे प्रवाह) आहेत, आणि कंपनी या मॉडेलला अजून फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट देते का. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत कमी विचारली जाते.

२.४ चांगलं की ५ गिगाहर्ट्झ?

राउटरच्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५. त्यापलीकडे, दोन-तीन भिंतींआड, २.४. कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी भिंतींतून कमी क्षीण होतात, म्हणून २.४ लांब पोहोचतं. पण तिथे गर्दीही तितकीच असते: शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ, बिनतारी माउस, मायक्रोवेव्ह ओव्हन. ओव्हन चालू असताना स्वयंपाकघरातलं वायफाय अडखळतं, हा भास नव्हे. ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो आणि त्याच्या दारातून थोडी गळती होतेच. आरोग्याला धोका नाही, पण वायफायच्या नाजूक सिग्नलपुढे ती पुष्कळ असते.

कमी लोकांना माहीत असलेला आणखी एक शत्रू म्हणजे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आणि तिची केबल. त्यातून होणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, आणि इंटेलने २०१२ मध्येच त्यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. राउटरला किंवा लॅपटॉपला डिस्क जोडली की २.४ चं वायफाय मरगळत असेल तर डिस्क हातभर लांब ठेवून बघा.

दोन्ही बँडना एकच नाव द्यावं की वेगळी?

एकच नाव दिलं तर फोन आपला आपण निवडतो, आणि बहुतेक नवे फोन ठीक निवडतात. अडचण येते ती स्मार्ट प्लग, बल्ब, कॅमेरे अशा फक्त २.४ कळणाऱ्या उपकरणांना पहिल्यांदा जोडताना. तेवढ्यापुरतं ५ बंद करा, उपकरण जोडून झालं की पुन्हा चालू करा. मात्र एखादा लॅपटॉप राउटरशेजारी बसूनही हट्टाने २.४ धरून बसत असेल तर नावं वेगळी करून मोकळं व्हा.

राउटर कुठे ठेवावा?

या एका प्रश्नावर जितका विचार व्हायला हवा तितका होत नाही. लाइन टाकायला आलेला माणूस केबल जिथे घरात शिरते तिथे राउटर टांगून जातो, म्हणजे दाराशी, एका कोपऱ्यात. मग निम्मा सिग्नल जिन्याला. राउटर घराच्या मध्याकडे, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर आणि उघड्यावर हवा. टीव्हीच्या मागे नको, लोखंडी कपाटावर नको, फ्रिजच्या बाजूला नको, लाकडी कपाटात बंद तर नकोच. तिथे सिग्नलपेक्षा उष्णतेचा प्रश्न मोठा.

भिंती सगळ्या सारख्या नसतात. लाकूड आणि जिप्समच्या भिंतीतून लहरी सहज जातात, विटांची भिंत बऱ्यापैकी खाते, सळया घातलेलं काँक्रीट सर्वांत जास्त. आरसा काचेचा दिसला तरी त्यामागे धातूचा थर असतो, त्यामुळे भिंतभर आरसा म्हणजे सिग्नलसाठी पत्राच. पाणीही लहरी शोषतं. मोठा फिश टँक वाटेत असेल तर त्याच्या मागे फिकी जागा तयार होते. बाथरूममधून पलीकडे जाणारा सिग्नल अशक्त का होतो तर टाइल, पाइप, आरसा, गीझर, सगळं एका ओळीत येतं.

सिग्नल मोजायला फोनवरचं साधं वायफाय अॅनलायझर पुरतं. आकडा उणे डीबीएममध्ये असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त, उणे ७५ च्या पुढे कुरकुर, उणे ८५ ला जोडणी नावापुरती. ३ डीबीचा फरक म्हणजे ताकद निम्मी किंवा दुप्पट, हे लक्षात ठेवून राउटर हातभर सरकवून बघा. २.४ ची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटरची असते, त्यामुळे एवढ्याशा हलवण्यानेही आकडे बदलतात.

मध्यावर राउटर नेण्यासाठी लांब लॅन केबल ओढावी लागेल. ओढा. १०० मीटरपर्यंत लॅन केबलमध्ये वेग घटत नाही, आणि या पानावरच्या कुठल्याही युक्तीपेक्षा ही केबल जास्त फळ देईल.

अँटेना कशा वळवाव्यात? जास्त अँटेना म्हणजे जास्त रेंज का?

दांडीच्या अँटेनाचा सिग्नल तिच्या बाजूंना पसरतो, टोकाच्या दिशेने फारसा जात नाही. एकमजली घरात दांड्या उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावर पोहोचायचं असेल तर एक आडवी करून बघा. अँटेनांची संख्या बघून भुलू नका, आतल्या रेडिओच्या स्ट्रीम महत्त्वाच्या. सहा दांड्या आणि दोन स्ट्रीम असेही राउटर असतात.

फोनवर सिग्नलच्या सगळ्या रेघा दिसतात, तरी नेट चालत नाही. का?

त्या रेघा राउटरचा आवाज फोनला किती ऐकू येतो ते सांगतात. फोनचा आवाज राउटरपर्यंत पोहोचतो का, हवेत किती गर्दी आहे, राउटरच्या पुढे लाइन जिवंत आहे का, यातलं काहीच त्यात नसतं. फोनचा रेडिओ राउटरपेक्षा दुबळा असतो. म्हणूनच सेटिंगमध्ये राउटरची ताकद पूर्ण वाढवून फारसं साधत नाही: फोनला राउटर लख्ख ऐकू येतो, राउटरला फोन नाही.

शेजाऱ्यांच्या वायफायचा त्रास होतो का? चॅनल कोणतं निवडावं?

होतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एकाच चॅनलवरची सगळी उपकरणं, कोणाच्याही घरातली असोत, एकाच खोलीत बसलेल्या माणसांसारखी असतात: एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. म्हणून खरी टंचाई वेगाची नसून वेळेची असते. लांबच्या खोलीतला फोन ६ एमबीपीएसने बोलत असेल तर तीच फाइल घ्यायला तो ६०० ने बोलणाऱ्याच्या शंभरपट वेळ अडवून ठेवतो. घरातला एक दूरचा, जुना कॅमेरा सगळ्यांचं वायफाय संथ करू शकतो तो असा.

२.४ वर एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच: १, ६ आणि ११. इतर आकडे रिकामे दिसले तरी मोहात पडू नका. ३ वर बसलात तर १ आणि ६ दोन्हींचा गोंगाट तुमच्या वाट्याला येतो, आणि त्या दोघांनाही तुमचा त्रास. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केल्यावर डब्यावरचा ३०० चा आकडा मिळतो खरा, पण गजबजलेल्या इमारतीत त्याने नुकसानच जास्त. ५ वर ८० मेगाहर्ट्झ बहुतेकांना योग्य.

जाता जाता: पाहुण्यांसाठी, मुलांसाठी, कॅमेऱ्यांसाठी अशी चार-पाच नावं काढू नका. प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा स्वतःची घोषणा करतं, आणि २.४ वर ती घोषणा सहसा सर्वांत मंद वेगाने होते.

५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क अधूनमधून मिनिटभर गायब होतं. राउटर बिघडला का?

बिघाड नसावा. राउटर कोणत्या चॅनलवर आहे ते बघा. ५ गिगाहर्ट्झमधली ५२ ते १४४ ही चॅनलं राडारबरोबर वाटून घेतलेली आहेत. त्यावर बसण्याआधी राउटरला निदान ६० सेकंद कान देऊन थांबावं लागतं, आणि वापर चालू असताना राडारची चाहूल लागली तर चॅनल सोडावंच लागतं. हवामान राडारच्या पट्ट्यात काही देशांत हे थांबणं १० मिनिटांचं असतं. विमानतळाजवळ किंवा बंदराजवळ राहणाऱ्यांना हा अनुभव जास्त. कधीकधी राउटर राडार नसतानाही दचकतो.

उपाय सोपा: 'ऑटो' काढून ३६, ४०, ४४ किंवा ४८ यांपैकी एक चॅनल पक्कं करा आणि रुंदी ८० ठेवा. १६० मेगाहर्ट्झ लावलं की राडारची चॅनलं बहुतेकदा त्यात आपोआप ओढली जातात. डब्यावरचा मोठा आकडा की अखंड जोडणी, असा हा सरळ सौदा आहे, आणि माझं मत दुसऱ्याच्या बाजूने.

कोणी फोटो-व्हिडिओ अपलोड करायला घेतले की माझी मीटिंग अडकते. वेग तर भरपूर आहे.

हा घरगुती नेटवर्कमधला सर्वांत दुर्लक्षित दोष, आणि त्याला बफरब्लोट हे नाव आहे. अपलोडचा वेग सहसा डाउनलोडपेक्षा कमी असतो. फोन हव्या तितक्या जोराने डेटा ओततो, लाइन तितकी घेऊ शकत नाही, आणि उरलेला डेटा राउटर किंवा मोडेम आपल्या बफरमध्ये रांगेला लावतो. मेमरी स्वस्त झाल्यावर हे बफर अवाढव्य झाले. तुमच्या आवाजाचं छोटंसं पॅकेट (डेटाचा तुकडा) त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं, आणि १५ मिलिसेकंदात पोहोचणारी गोष्ट ५०० मिलिसेकंद घेते. स्पीड टेस्टचा मोठा आकडा तसाच राहतो, कारण माहिती तेवढीच जाते, फक्त उशिरा.

संगणक अभियंते जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या प्रश्नाकडे लक्ष वेधलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' ही रांग आवरण्याची पद्धत मांडली. तिच्यावर उभी राहिलेली 'एफक्यू-कोडेल' आणि पुढची 'केक' आज अनेक राउटरांत मिळतात.

तपासायचं असं: बाहेरच्या पत्त्याला पिंग चालू ठेवा आणि त्याच वेळी मोठी फाइल अपलोड करा. पिंग ३०-४० मिलिसेकंदांनी वाढलं तर चालेल, शेकड्यात गेलं तर बफरब्लोट आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यूओएस नावाची सोय शोधा आणि तिथे लाइनच्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के आकडा भरा, अपलोडसाठी वेगळा आणि डाउनलोडसाठी वेगळा. थोडा वेग मुद्दाम सोडून द्यायचा, म्हणजे रांग दुसरीकडे कुठे न लागता तुमच्याच राउटरमध्ये लागते आणि तो ती शहाणपणाने हाताळतो. दुबळ्या प्रोसेसरच्या राउटरला मात्र मोठ्या लाइनवर हे काम झेपत नाही. ज्या राउटरमध्ये ही सोयच नाही, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त फर्मवेअर) चढवता येतं का ते बघा.

रीस्टार्ट केला की दोन-चार दिवस छान चालतं, मग पुन्हा तेच. असं का?

रीस्टार्ट हा उपचार नाही, लक्षण आहे. कारणं मुख्यतः तीन.

एक, उष्णता. राउटर चोवीस तास चालतो आणि बहुतेकांत पंखा नसतो. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तापमानाला फार हळवे. ढोबळ नियम असा की दर १० अंश सेल्सिअसने त्यांचं आयुष्य निम्मं होतं. सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला राउटर लवकर म्हातारा होतो, त्यात नवल नाही. खालची-बाजूची भोकं मोकळी ठेवा, धूळ झटका.

दोन, अॅडॉप्टर. हा तर खरा चोर. अॅडॉप्टर थकला की दिवे सगळे लागतात, पण वायफायवर जोर आला, म्हणजे चार जण एकदम वापरू लागले, की व्होल्टेज खाली येतं आणि राउटर अडकतो किंवा आपोआप रीबूट होतो. राउटर फेकण्याआधी अॅडॉप्टर बदलून बघा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त चालतील, पिनची धन-ऋण दिशा तीच हवी. १२ व्होल्टच्या जागी दिसायला सारखाच ९ व्होल्टचा लावल्यामुळेही असाच खेळ होतो.

तीन, सॉफ्टवेअर. जुन्या फर्मवेअरमध्ये मेमरी हळूहळू गळत राहते, किंवा चालू जोडण्यांची यादी भरून जाते. टॉरेंटसारखे हजारो जोडण्या उघडणारे प्रोग्राम असतील तर लवकर भरते. फर्मवेअर अद्ययावत करा. तरीही सुधारत नसेल तर पहाटेचा ठरलेला रीबूट लावायला हरकत नाही, पण ते पांघरूण घालणं आहे हे ठाऊक असू द्या.

किती उपकरणं जोडली तर चालतात?

डब्यावरचा आकडा विसरा. तीस स्मार्ट बल्ब गप्प बसून असतात, त्यांचा भार नगण्य. दोन लॅपटॉप मोठे अपडेट उतरवत असतील तर तेवढेच पुरे. टीव्ही, डेस्कटॉप, गेमिंग कन्सोल अशा न हलणाऱ्या वस्तूंना केबलवर टाका. त्यांचं भलं होतंच, आणि हवेतली जागा फोनसाठी मोकळी राहते. ४के व्हिडिओला १५ ते २५ एमबीपीएस लागतात, एका व्हिडिओ कॉलला २ ते ४. हिशेब केलात तर प्लॅन वाढवायची गरज क्वचितच निघते.

रेंज वाढवायला रिपीटर घ्यावा की मेश?

आधी राउटरची जागा बदलून झाली असेल तरच पुढे वाचा.

साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणजे प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं आणि वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. मागच्या खोलीत कॅमेरा किंवा मेसेजपुरतं नेट हवं असेल तर चालून जाईल. मेशमध्ये (एकत्र मिळून एकच नेटवर्क चालवणाऱ्या अनेक पेट्या, म्हणजे नोड) हेच काम जास्त नीट होतं, आणि नोडांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असलेला ट्राय-बँड मेश असेल तर ही घट बरीच टळते. पण दोन नोडांमध्ये लॅन केबल टाकता आली तर त्यासारखं काहीच नाही. तेव्हा महागड्या मेशचीही गरज उरत नाही. साधा जुना राउटर 'अॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये (फक्त वायफाय पसरवण्यापुरता) लावला तरी भागतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक नोडच्या जागेची. जिथे सिग्नल मेला आहे तिथेच लोक नोड ठेवतात. मग नोड मेलेला सिग्नलच जोमाने पसरवतो. मूळ राउटरचा सिग्नल जिथे अजून उणे ६०-६५ आहे, अशा मधल्या जागी तो हवा.

मेश लावलं, पण घरात फिरताना फोन लांबच्या नोडलाच चिकटून राहतो.

कोणत्या नोडला जोडायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. राउटर फार तर सुचवू शकतो, ८०२.११के आणि ८०२.११व्ही या वायफाय मानकातल्या सोयी त्यासाठीच आहेत, आणि ८०२.११आर मुळे बदल झटपट होतो. ते चालू करा. तरी फोन हटत नसेल तर नोडांची ताकद थोडी कमी करा. ऐकायला उलटं वाटतं, पण लांबचा नोड अस्पष्ट झाल्याशिवाय फोन जवळचा शोधतच नाही.

वायफाय ६ किंवा ७ घेतल्याने फरक पडेल का?

१९९७ मध्ये पहिलं ८०२.११ मानक आलं तेव्हा कमाल वेग होता २ एमबीपीएस. तेव्हापासून दर पिढीने आकडा वाढवला. वायफाय ६ ने (मानक २०२१ मध्ये मंजूर) गर्दी हाताळण्यावर भर दिला: ओएफडीएमएमुळे राउटर एकाच खेपेत अनेक उपकरणांना थोडा थोडा डेटा देऊ शकतो. दाटीवाटीच्या इमारतीत आणि भरपूर उपकरणांच्या घरात याचा उपयोग जाणवतो. पण फोनही ६ चा हवा. जुना फोन नव्या राउटरवर जुन्याच पद्धतीने बोलतो.

वायफाय ७ चं प्रमाणन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. ३२० मेगाहर्ट्झची चॅनलं फक्त ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शक्य आहेत, आणि तो पट्टा किती खुला आहे हे देशागणिक वेगळं. भरवशाच्या दृष्टीने त्यातली रंजक गोष्ट म्हणजे एमएलओ: उपकरण एकाहून अधिक बँडवर एकदम जोडलेलं राहतं, एक अडला तर दुसरा असतो. राउटर सहा-सात वर्षांचा झाला असेल आणि अपडेट बंद असतील तर वायफाय ६ वर जा. नुसतं ५०० चं ८०० करायला ७ घेऊ नका.

वीज जाऊन आली की नेट यायला पाच मिनिटं लागतात.

राउटर आणि फायबरची ओएनटी पेटी, दोन्ही नव्याने उठतात, लाइनशी ओळख करून घेतात, त्यात वेळ जातो. छोटा डीसी यूपीएस दोन्हींना लावा, फक्त एकाला लावून उपयोग नाही. व्होल्ट जुळतात का ते आधी बघा.

फर्मवेअर अपडेट खरंच लागतं का?

लागतं. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरने कारखान्यातूनच आलेले पासवर्ड वापरून कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. मे २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' इतक्या घरांत शिरलं की एफबीआयने लोकांना राउटर रीबूट करायला सांगितलं. रीबूटने त्याचे पुढचे टप्पे पुसले जात, पहिला टिकून राहत असे. तेव्हा अॅडमिन पासवर्ड बदला, बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद ठेवा, वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए २ किंवा ३ वापरा. यात वेगाचाही संबंध आहे: सुरक्षेसाठी जुनं टीकेआयपी निवडलेलं असेल तर वायफाय ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही. एईएस निवडा.

काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात.

आधी डीएनएस बदलून बघा. त्याने भागलं नाही आणि तुमची लाइन पीपीपीओई लॉगिनची (राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरावा लागतो ती) असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४९२ आहे का ते पाहा. १५०० असेल तर मोठी पॅकेटं वाटेत हरवतात आणि नेमक्या काहीच साइट अडतात.

कंपनीच्या राउटरमागे माझा राउटर लावला आहे. चालेल का?

ब्राउझिंगला चालतं. गेमिंग, घरचा कॅमेरा बाहेरून बघणं, ऑफिसचं व्हीपीएन यांना डबल नॅटचा (दोन राउटरांनी एकापाठोपाठ पत्ते बदलण्याचा) त्रास होऊ शकतो. पहिला राउटर ब्रिज मोडमध्ये टाका (म्हणजे तो लाइन नुसती पुढे देतो), नाहीतर तुमचा राउटर अॅक्सेस पॉइंट करा. आणि पहिल्याचं वायफाय बंद करायला विसरू नका, दोन्ही शेजारी शेजारी बसून एकमेकांवरच ओरडत असतात.

तक्रार नोंदवताना काय सांगावं?

"नेट स्लो आहे" म्हणालात तर "राउटर रीस्टार्ट करा" हेच ऐकाल. त्याऐवजी सांगा: केबलवर घेतलेली टेस्ट, तिची वेळ, राउटरचं पिंग आणि बाहेरचं पिंग, आणि नेट गेलं तेव्हा ओएनटीवर कोणता दिवा होता. एलओएसचा लाल दिवा म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही. वायर कुठे कपाटामागे काटकोनात दुमडली नाही ना, एवढं आधी बघा. काचेच्या तंतूला ते सोसत नाही. वायर सरळ असूनही दिवा लालच असेल तर घरात करण्यासारखं काही उरत नाही, माणूस पाठवायला सांगा.